यादीत नावं कोण घालतं?

(चोपडा इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडंसं नीट करून.)



मला सांगितलं, निवडणुकीवर बोल. निवडणुकीवर बोलायचं म्हणजे आपल्याकडे कोण येणार, कोण पडणार, कोणाची हवा आहे, एवढंच. हे तर स्टँडवरच्या टपरीवर रोज चालतं, फुकट चालतं. त्यासाठी शिबिर कशाला? मी त्याच्या अगोदरचं बोलणार आहे. आपण मत टाकतो त्याच्या कितीतरी आधी एक यादी तयार होते. त्या यादीत नावं कोण घालतं?

हा प्रश्न माझा नाही, एका म्हातारीचा आहे. तिनं तो विचारला तेव्हा मी तिच्यासमोर फॉर्म घेऊन उभा होतो. आधी ते कबूल करतो.

बी.ए. होऊन मी केळीच्या गाड्या भरत होतो. निवडणुकीला सहा महिने होते. सर्व्हेवाले आले, आम्हा चार पोरांना कामाला घेतलं. फॉर्मामागे पैसे. सर्व्हे कोणाचा, पैसा कोणाचा, आम्ही विचारलं नाही. भुकेला माणूस मालकाचं नाव विचारत नाही. फॉर्मावर पाच नावं छापलेली. प्रश्न एकच : उद्या मतदान झालं तर यांतल्या कोणाला मत द्याल? खाली सहावं खोकं, ‘इतर’.

तापीकाठची गावं फिरलो, सातपुड्याच्या पायथ्याची फिरलो. खरं सांगतो, सगळी नाही फिरलो. पाड्यावर जायला गाडी नव्हती, म्हणून पाड्याचे फॉर्म टपरीवर बसून भरले. गावात गेलं की एखादा पुढारी सोबत यायचा. तो शेजारी उभा असताना आपल्या वस्तीतला माणूस काय बोलणार? ज्याच्या शेतात उद्या कापूस वेचायला जायचंय, त्याच्याच तोंडाकडे बघायचा आणि पहिलं नाव सांगायचा. मी टिक करायचो. झाला आकडा तयार!

एका गावात आपल्याच वस्तीत म्हातारी भेटली. मी पाची नावं वाचली. ती म्हणाली, “या नावं कोनी लिखात रे भाऊ?” मी म्हटलं, आजी, वरून आलीत. ती म्हणाली, “मग मत बी वरूनच आन ना.”

मी ‘इतर’वर टिक केली आणि निघालो. पण ते वाक्य काही माझ्यामागून हटलं नाही.

नंतर पेपरात आकडे आले. ज्याचं नाव फॉर्मावर पहिलं, तोच पुढे. मग सगळे म्हणायला लागले, हवा त्याचीच. तिकीट त्यालाच. विचारलं तर उत्तर तयार : इलेक्टिव्ह मेरिट! आपला पोरगा शिकलेला असो, दहा मोर्चे काढलेला असो, त्याला सांगायचं, बाबा रे, तू चांगला आहेस पण तू निवडून येत नाहीस, सर्व्हे बघ. अरे, सर्व्हेत त्याचं नावच नव्हतं! आधी नाव वगळायचं आणि मग मतं नाहीत म्हणून हिणवायचं.

लवकर घेतलेला सर्व्हे काय मोजतो? माणसाला कोणाचं नाव माहीत आहे आणि कोणाची भीती आहे, हे मोजतो. त्याचं मन मोजत नाही. मतदान झाल्यावर, केंद्राबाहेर विचारूनसुद्धा ते मन सापडत नाही. 1 जून 2024 ला वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं होतं. निकाल लागला तेव्हा 293. मग सहा महिने आधी टपरीवर भरलेल्या फॉर्माची काय कथा?

अमेरिकेत उमेदवार ठरवायला लोकांचं मत घेतात. त्याला प्रायमरी म्हणतात. आपल्याहून बरं आहे, पण तिथंही हाच खेळ. 1972 साली, ज्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, शर्ली चिझम नावाची काळी बाई राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभी राहिली. सर्व्हेवाले तेव्हा मस्की नावाच्या गोऱ्या सिनेटरला पुढे दाखवत होते. तो मधेच गळाला. फार मागे असलेले मॅकगव्हर्न उमेदवार झाले. सर्व्हे आपटला. पण चिझमबाईला काळ्यांचे पुढारीच म्हणत होते, तू येत नाहीस, मत वाया जाईल. जिंकायला दीड हजारांवर प्रतिनिधी लागत होते, तिला 152 मिळाले. हरली. पण नाव तिनं स्वतः घातलं, कोणाला विचारून नाही.

छत्तीस वर्षांनी ओबामा. 2007 चं पूर्ण वर्ष सर्व्हे म्हणत होते, हिलरी क्लिंटनच. सुरुवातीला काळ्या मतदारांतसुद्धा तीच पुढे. का? गोरे त्याला मत देणार नाहीत, अशी धास्ती. 3 जानेवारी 2008 ला आयोवात, जिथं जवळजवळ सगळे गोरे, तिथं तो जिंकला आणि एका रात्रीत लोकांची जीभ सुटली. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरात सर्व्हे म्हणाले ओबामा, आणि आली हिलरी! मी ओबामाचे गोडवे गात नाही. त्याच्या राज्यात काळ्यांची वस्ती महाल झाली नाही. मी एवढंच सांगतो, दबलेला माणूस स्वतःला काय हवं ते सांगत नाही. दुसरे काय करतील याचा अंदाज घेतो आणि तोच स्वतःचं मत म्हणून सांगतो. ही भीती आपल्या घरातही आहे.

आता कोणी म्हणेल, प्रायमरी अमेरिकेची, आपला काय संबंध? मित्रहो, संबंध आहे. हा शब्द आपल्या करारात आहे.

24 सप्टेंबर 1932. येरवडा. पुणे करार. राखीव जागा 148, एवढं आपल्याला पाठ आहे. पण त्या जागांवर माणूस कसा निवडायचा ते आपण विसरलो. करारात लिहिलंय : आधी फक्त अस्पृश्य मतदार मत देतील आणि चार नावं निवडतील. त्या चौघांतूनच मग सगळे मतदार एकाला निवडतील. त्या पहिल्या फेरीला करारात शब्दच आहे, प्रायमरी इलेक्शन! स्वतंत्र मतदारसंघ उपोषणाच्या धाकानं गेला, त्याच्या बदल्यात ही एक खिडकी मिळाली होती. यादीत नावं आपण घालायची.

1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई इलाख्यात 17 उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक निवडून आले. आपल्या पूर्व खानदेशातून दौलतराव जाधव गेले. मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसनं कोणाला उभं केलं? पाळवणकर बाळूला. एवढा मोठा क्रिकेटपटू, आपल्यातलाच. नाव आपल्यातलं, पण घालणारे दुसरे. बाबासाहेब थोडक्या मतांनी आले.

पण त्या खिडकीला भोकं होती. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असले तर पहिली फेरीच होत नसे. आणि चौघांत कितीही मागे राहिलेला असला तरी शेवटी सवर्णांच्या मतांवर तोच निवडून येई. 1946 ला तेच झालं. देशभरातल्या सगळ्या राखीव जागांत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या पदरी दोन! बाबासाहेबांनी कॅबिनेट मिशनपुढे हेच गाऱ्हाणं मांडलं. पहिल्या फेरीची मुदत दहाच वर्षांची होती. राज्यघटनेत राखीव जागा आल्या, पहिली फेरी आली नाही. खिडकी बुजली. 1952 ला उत्तर मुंबईत खुद्द घटनाकार पडले, काँग्रेसचे काजरोळकर आले.

तेव्हापासून जागा आपली, नाव त्यांचं. हा चोपडा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव. पलीकडे भुसावळ अनुसूचित जातींसाठी. मी कोण्या आमदाराची निंदा करत नाही. मी एवढंच विचारतो, तिकीट ठरताना पाड्यावर, वस्तीत कोणी विचारायला आलं होतं का? पावरा, भिल्ल, तडवी भावांनो, तुम्हीच सांगा.

2014 च्या लोकसभेला काँग्रेसनं काही जागांवर प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. लातूर तर राखीव. पण मत कोणाला? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. वस्तीतला साधा मतदार बाहेरच. दोन्ही ठिकाणचे उमेदवार पडले.

आणि राष्ट्रपती? 2007 ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. आदल्या आठवड्यापर्यंत पेपरात चर्चा दुसऱ्याच नावांची. दिल्लीत बैठक झाली आणि नाव बाहेर आलं. 2017 ला तर दोन्ही बाजूंनी दलित उमेदवार, कोविंद आणि मीरा कुमार. आपली छाती फुगली. पण दोन्ही नावं दोन बंद खोल्यांत ठरली होती. खोलीत आपण नव्हतो.

आता आपल्यावर येतो, कारण शिव्या फक्त दुसऱ्याला देणं सोपं आहे. आपले गट किती? एका वस्तीत चार गट, चार उमेदवार, चौघांची अनामत जप्त. प्रत्येक गटाचा नेता नाव ठरवतो आपल्या माडीवर बसून. पोरं घोषणा देतात. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

म्हणून मी एक काम घेऊन आलोय. बाबासाहेबांची बुजलेली खिडकी आपण आपल्या वस्तीत उघडू. सरकार लागत नाही, कायदा लागत नाही. येत्या निवडणुकीच्या आधी, तिकीटवाले येण्याच्या आधी, एका रविवारी विहारात पेटी ठेवायची. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला चिठ्ठी. वेचणीला जाणाऱ्या बायांना, गाडी भरणाऱ्यांना, सगळ्यांना जमेल अशी वेळ. नाव कोणीही सुचवावं. मत गुप्त. मोजणी सगळ्यांसमोर. जो पहिला येईल त्याच्यामागे बाकीच्यांनी उभं राहायचं, हे आधी कबूल करून मगच उभं राहायचं. आणि चिठ्ठीवर एक प्रश्न कधीच छापायचा नाही : कोण निवडून येईल? फक्त विचारायचं, तुला कोण हवं?

कोणी म्हणेल, एवढं करून पडला तर? पडेल. बाबासाहेब पडले. पण पुढच्या वेळी तिकीटवाला आला तर त्याला दाखवायला आपल्याकडे आपला आकडा असेल, टपरीवर भरलेला नाही.

शेवटचं सांगतो. 1929 साली बाबासाहेब आपल्या चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यानं टांगा दिला, पण महाराला बसवून स्वतः हाकायला तयार नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्यानं टांगा कधी हाकला नव्हता. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेबांचा पाय मोडला.

टांगा आपल्याला मिळालाय. हाकायला बाहेरचा बोलवायचा नाही. पण शिकल्याशिवाय बसायचंही नाही. पेटी, चिठ्ठी, मोजणी, हे शिकणं आहे. पहिली पेटी मी त्या म्हातारीच्या गावात ठेवणार आहे. पहिली चिठ्ठी तिच्या हातात देणार आहे. कोरी.

जयभीम.