शस्त्रामागील विचार

१९६२ च्या चिनी आक्रमणाने भारताच्या दोन उणिवा उघड केल्या. एक शस्त्रांची, दुसरी विचारांची. पहिली पैशाने भरून काढता येते. दुसरीसाठी माणसे घडवावी लागतात. त्या कसोटीच्या काळात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, नोव्हेंबर १९६५ मध्ये, नवी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. १९६८ साली के. सुब्रह्मण्यम तिचे संचालक झाले.

१९२९ साली तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले सुब्रह्मण्यम हे मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. १९५१ मध्ये ते भारतीय प्रशासकीय सेवेत आले. रणांगण न पाहिलेल्या या सनदी अधिकाऱ्याने युद्धनीती हाच आपल्या अभ्यासाचा विषय मानला. युद्धाचा खर्च आणि त्याचे दुःख जनतेच्या वाट्याला येते. म्हणूनच लोकशाहीत संरक्षणाचा विचार केवळ छावणीत आणि सचिवालयात कोंडून ठेवता येत नाही. लेख, व्याख्याने आणि ग्रंथ यांच्याद्वारे सुब्रह्मण्यम यांनी तो विचार सुशिक्षित नागरिकांपर्यंत नेला.

चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केला होता. मोजक्या राष्ट्रांनी अण्वस्त्रे बाळगावीत आणि इतरांना ती नाकारावीत, ही व्यवस्था सुब्रह्मण्यम यांना विषम वाटे. भारताने अण्वस्त्रांचा पर्याय सोडू नये, असे ते अनेक वर्षे आग्रहाने मांडत राहिले. मात्र शस्त्राचा पुरस्कार करणाऱ्या या अभ्यासकाने त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे आखली. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने त्यांच्या नेतृत्वाखाली अण्वस्त्र धोरणाचा मसुदा तयार केला. तो ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अण्वस्त्राचा प्रथम वापर करावयाचा नाही आणि त्यावर नागरी नेतृत्वाचेच नियंत्रण राहावे, ही त्याची प्रमुख सूत्रे होती.

त्याच वर्षी कारगिल आढावा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीने गुप्तवार्ता आणि टेहळणीतील त्रुटींवर नेमके बोट ठेवले आणि उपग्रह व वैमानिकरहित विमाने यांची निकड सांगितली. सरकारलाही अप्रिय वाटेल असे सत्य सांगणे, हेच संशोधकाचे कर्तव्य होय. याच जाणिवेने त्यांनी १९९९ साली जाहीर झालेला पद्मभूषण सन्मान नम्रपणे नाकारला. सनदी अधिकारी व पत्रकार यांनी सरकारी सन्मान स्वीकारू नयेत, अशी त्यांची धारणा होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये सुब्रह्मण्यम यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेल्या संस्थेला २०२० पासून गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर यांचे नाव लाभले आहे. आज ड्रोन, संगणकीय आक्रमणे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी युद्धाचे स्वरूप पालटत आहे. नवे शस्त्र हाती येण्यापूर्वी त्याच्या मर्यादेचा विचार तयार असावा लागतो, हीच त्यांच्या जीवनकार्याची शिकवण आहे.