रोहा-अष्टमीतील तीन तास



लांबच्या प्रवासात गाडी बदलताना मध्ये तीन-चार तास मोकळे सापडले, की ते फुकट गेले असे आपण आधीच धरून चालतो. बाकावर सामानाला टेकून बसावे, चहाचे पेले रिचवावेत आणि घड्याळाकडे पाहून उसासे टाकावेत. गंमत अशी की, परदेशी जाताना सिंगापुरास किंवा दुबईस असेच चार तास मिळाले, तर तीच मंडळी मोठ्या उत्साहाने शहर पाहून येतात. कोकणातल्या स्थानकाला मात्र हा मान मिळत नाही.

रोह्याचेच पाहा. येथे मध्य रेल्वेचा मार्ग संपतो आणि कोकण रेल्वेचा आरंभ होतो. येथून कर्नाटकातील ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांचा तो मार्ग १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण खुला झाला. सावंतवाडीकडून धीम्या गाडीने येऊन पुढे दिव्याची गाडी धरणाऱ्या प्रवाशास येथे कधी तास, कधी तीन तास मिळतात. ते कसे घालवावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम काय करू नये ते सांगतो. गावाजवळच्या डोंगरावर अवचितगड दिसतो. त्याच्याकडे खालूनच पाहावे. कुड्याची लेणी प्रसिद्ध आहेत, पण ती तळ्याच्या बाजूस, दूर. तीन तासांत गड, लेणी आणि समुद्र उरकू पाहणारा मनुष्य तिन्ही ठिकाणी घड्याळच पाहून येतो. परतीच्या गाडीपूर्वी अर्धा तास राखून ठेवावा आणि उरलेला वेळ नदीला द्यावा.

कुंडलिका नदीच्या एका काठास रोहा व समोरच्या काठास अष्टमी. नावे दोन असली तरी नगरपरिषद एकच आहे. आगगाडी आणि मोटार येण्यापूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर गलबते रेवदंड्याच्या खाडीतून येथवर चढत. ही बाजारपेठ खरे म्हणजे नदीनेच वसविली. पुलावर घटकाभर उभे राहून वाहते पाणी पाहावे, कारण त्याची कथा मोठी विलक्षण आहे.

मुळशी येथे मुळा नदीवर टाटांनी धरण बांधले. ते पाणी स्वाभाविकपणे भीमेस, कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचे. ते अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांनी खाली भिऱ्यास आणले, आणि १९२७ साली तेथील वीजगृह सुरू झाले. वीज मुंबईस गेली. पाणी कुंडलिकेत सुटले. वाटेत कालव्यांनी घेऊन जे उरते ते या पुलाखालून जाते आणि कोर्लई-रेवदंड्यापाशी अरबी समुद्रास मिळते. सबंध द्वीपकल्पाची पाठ ओलांडून उलट दिशेने आलेले पाणी असे सहज पायांखाली पाहावयास मिळणे ही थोडकी गोष्ट नव्हे.

मात्र त्याची किंमत मुळशीच्या मावळ्यांनी मोजली. त्यांच्या शेतजमिनी, घरे, देवळे पाण्याखाली गेली. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाने हे ठाऊक असून येथे उभे राहावे असे मला वाटते. ज्या दिव्याखाली तो रात्री वर्तमानपत्र वाचणार, त्याच्या इतिहासातला एक भाग येथून वाहतो. धाटावच्या कारखान्यांमुळे या नदीच्या पाण्याविषयी तक्रारी होत आल्या आहेत, हेही लपविण्यात अर्थ नाही.

पुलावरून परतताना ग्रामदैवत धावीर महाराजांच्या मंदिरात जावे. नवरात्रानंतर निघणाऱ्या त्यांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. त्या दिवसांत गाडी बदलण्याचा योग आला, तर पुढची गाडी खुशाल चुकवावी! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे येथलेच. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडण्याचे त्यांचे १९५६ मधील धैर्य जुन्या मंडळींना अजून आठवते. पांडुरंगशास्त्री आठवले यांचाही जन्म, १९२० साली, रोह्याचाच.

शेवटचा अर्धा तास बाजारास द्यावा. हा तालुका भाताचा. तेव्हा पोहे घ्यावेत हे ओघानेच आले. पण हिवाळा सरल्यावर येणार असाल, तर माझी शिफारस कडव्या वालांची. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे पीक येते, आणि त्यांची उसळ आवडू लागली की इतर वाल फिके वाटतात. दुकानदारास यंदाचेच वाल आहेत ना, एवढे विचारून घ्यावे. भाव करीत फार वेळ घालवू नये; दिव्याची गाडी कोणासाठी थांबत नाही.