वानर, डास आणि हिवताप



दारव्ह्याकडे वानरांची टोळी तुरीत उतरली की शेतकऱ्याच्या जिवाची तगमग होते. त्यात वानरांमुळे हिवताप येतो अशी शंका कोणी काढली, तर त्या जनावरांचे हाल होतील. म्हणून आज हा विषय.

माकडांना हिवताप होतो, हे खरं. निलगिरीच्या जंगलात तो माकडांमध्ये पसरवणारा डास १९६३ मध्ये नक्की झाला : ॲनोफिलीस एलेगन्स. त्याच्या गटातल्या डासांना दाट, ओलं, सावलीचं रान लागतं. हत्तीच्या पावलाच्या खड्ड्यात साचलेलं पाणीही त्यांच्या अळ्यांना पुरतं.

माकडाचा हा ताप माणसाला होतो का? १९३२ मध्ये कोलकात्यात नोल्स आणि दासगुप्ता या संशोधकांनी सिंगापूरहून आलेल्या माकडाच्या रक्तातला हिवतापाचा परजीवी माणसाला टोचून पाहिला. ताप आला. पुढं त्या परजीवीला नोल्सचंच नाव मिळालं : प्लाझमोडियम नोलेसी. तो दर चोवीस तासांनी रक्तात वाढतो, त्यामुळे रोगी झपाट्यानं खालावतो. तरीही माणसांत तो क्वचितच, असा समज बरीच वर्षं टिकला. २००४ मध्ये बोर्निओतल्या कापित इथले निष्कर्ष प्रसिद्ध झाले : २०८ हिवताप रुग्णांपैकी १२० जणांत हाच परजीवी! सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्याच जातीसारखा दिसत होता. डीएनए तपासल्यावर उलगडा झाला. मलेशियात जंगल तोडून मळे झाले, आणि माणूस, माकड, डास एकाच काठावर आले.

आपल्या दारव्ह्याकडचं रान मात्र सागाचं. उन्हाळ्यात पानं झडून जमीन तापते. ओल्या रानातल्या त्या डासांना इथं थारा नाही. आपल्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. त्याचा ओढा गुरांकडे. दिवसा गोठ्यात बसतो, रात्री माणसालाही चावतो आणि एका रोग्याचा ताप दुसऱ्याला देतो. विहीर, नाल्यातलं डबकं, कालव्याची कड, अशा स्वच्छ पाण्यात त्याची अळी वाढते. शोध घ्यायचा तो तिथं. वानर पिकाची नासाडी करतं, ते दुःख खरं आहे. पण तापाचा आळ त्याच्यावर नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अंदमान-निकोबारमधल्या रुग्णांच्या रक्तातही नोलेसी आढळला आहे. तिकडच्या किंवा मलेशियाच्या जंगलातून कामधंदा करून कोणी परतलं आणि थंडी वाजून ताप भरला, तर रक्त तपासायला देतानाच कुठून आलो ते डॉक्टरांना सांगावं.