विजेची गाडी आणि पेट्रोलची गाडी : आपल्या पार्किंगमधला हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्याच संस्थेचे सभासद असून वाहन उद्योगात इंजिन विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहेत.)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि विषय दिलाय तो मागच्या एजीएममध्ये ज्यावरून आवाज चढले तोच. चार्जिंग पॉइंट. त्या दिवशी एक बाजू म्हणत होती, विजेची गाडी म्हणजे शून्य प्रदूषण, मग संस्था अडवते कशाला? दुसरी बाजू म्हणत होती, वीज कोळशावरच होते ना, मग धूर पुण्यात निघाला काय नि चंद्रपूरला निघाला काय, एकच. मी दोन्हीकडे मान डोलावली. त्याचीच ही शिक्षा असावी. माझं आयुष्य इंजिनात हात काळे करण्यात गेलं, तेव्हा माझा कल थोडा इंजिनाकडे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

2000 साली आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि चार-दोन मारुती 800 होत्या. मुलं खांबाला स्टंप समजून क्रिकेट खेळायची. आता खांबही नीट दिसत नाही.

तर हिशेब. एक मध्यम पेट्रोल गाडी घ्या, आपल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला 15 किलोमीटर देणारी. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोक मला विचारतात, पेट्रोल पाऊण किलोचं, त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल? अहो, पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, ते वजन त्याचं. म्हणजे किलोमीटरला साधारण 150 ग्रॅम. तेल उपसणं, रिफायनरी, टँकर हे धरलं की 180 च्या आसपास. (आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे आकडा थोडा कमी धरावा असं कोणी म्हणेल. पण ते इथेनॉल काही अंशी उसाचं, आणि ऊस किती पाणी पितो हे आपल्यापैकी ज्यांचं गाव सोलापूरकडे आहे त्यांनीच सांगावं.)

आता विजेची गाडी. लहान गाडीला 100 किलोमीटरला मीटरवर 15 युनिट लागतात असं धरू. आपल्या देशातली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. कोयनेचे 1960 मेगावॅट पाण्याचे आहेत खरे, पण एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे 2920 आहेत. सगळी सरासरी काढली तर केंद्रातून निघणाऱ्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. वाटेतली गळती धरून आपल्या मीटरपाशी 0.85 पकडा. गाडीचा आकडा येतो किलोमीटरला 130 ग्रॅमच्या जवळ.

म्हणजे 'शून्य' नाही, आणि 'सारखंच' पण नाही. कोळसा पेट्रोलपेक्षा मळका असूनही फरक पडतो, कारण आमचं इंजिन फार उधळ्या. शहरात चालवताना पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातो. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला तुम्ही उभे असता तेव्हा इंजिन फुकट जळत असतं. मोटर तिथे गप्प बसते, वर ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत घालते.

पण विजेची गाडी शोरूममधून निघते तीच डोक्यावर कर्ज घेऊन. 30 युनिटची बॅटरी बनवायला अंदाजे दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. किलोमीटरला 50 ग्रॅम वाचवून हे कर्ज फेडायचं तर 45 ते 50 हजार किलोमीटर धावायला हवं. सगळी गोम इथेच आहे.

माझ्याच घरातलं सांगतो. सूनबाई रोज चाकणला जाते-येते, वर्षाला 12 ते 13 हजार किलोमीटर. तिचं कर्ज चार वर्षांत फिटेल, पुढे सगळी बचतच. माझी गाडी वर्षाला 3 हजार चालते, त्यातही निम्मी मंडई आणि डॉक्टर. मला 16 वर्षं लागतील, आणि तोवर मी गाडी चालवत असेन अशी घरच्यांची इच्छा नाही. शिवाय माझी जुनी गाडी ठणठणीत असताना नवी घेतली तर नुसती बॅटरी नाही, अख्ख्या गाडीचं पोलाद, काच, प्लास्टिक नव्याने माझ्या खात्यावर चढतं. तेव्हा निवृत्त मंडळींनो, पर्यावरणासाठी म्हणून नवी गाडी घेऊ नका. हौस म्हणून घ्या, ते वेगळं.

बॅटरीत काय असतं हाही प्रश्न आहे. लिथियम ऑस्ट्रेलिया-चिलीकडून, आणि कोबाल्ट बहुतेक काँगोतून, जिथे खाणीत लहान मुलंही राबतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, तिला कोबाल्ट लागत नाही आणि ती पेटण्याचा धोकाही कमी. गाडी घेताना हे विचारून घ्या. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे ती भंगारवाल्याला देऊ नका.

धुराचं मात्र मी एजीएममध्ये नीट बोललो नव्हतो. कार्बन डायऑक्साइड कुठूनही निघाला तरी जगभर पसरतो. पण नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळीचे बारीक कण जिथे निघतात तिथलीच माणसं ते आधी ओढतात. सकाळी सव्वासातला ए विंगखाली स्कूलबसची वाट बघणारी मुलं सायलेन्सरच्या उंचीवर उभी असतात. विजेच्या गाडीने त्यांचा हा त्रास खरोखर जातो. टायरची धूळ राहते, ती कुठल्याही गाडीची राहणारच. पण चंद्रपूरच्या केंद्राशेजारीही मुलं शाळेत जातात. 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली त्यात चंद्रपूर होतं. आपण चार्जर लावायचा आणि राख त्यांनी झेलायची, हे मला काही पटत नाही.

म्हणून माझं समितीला म्हणणं आहे की चार्जिंग पॉइंट आणि गच्चीवरचे सोलर हे दोन वेगळे ठराव करू नका, एकच करा. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. 10 किलोवॅट बसवले तर 40 युनिट, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर. सोलरची वीज धरली तर बॅटरीचं कर्ज 14-15 हजार किलोमीटरमध्ये फिटतं. एक अडचण आहे. ऊन दुपारी, आणि सूनबाई गाडी लावते रात्री दहाला. नेट मीटरिंगमुळे बिलाची वजाबाकी होते, पण रात्रीची वीज कोळशाचीच येते. रविवारी दुपारी चार्जिंग करायची सवय लावली तर आठवड्याचा बराच भाग निघेल. ओपन पार्किंगच्या कडेला दोन सामायिक पॉइंट ठेवा, दिवसा वापरायला.

सेक्रेटरीसाहेबांची आगीची आणि लोडची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मीटर रूमपासून स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी, परवानाधारक वायरमन, खर्च ज्याचा त्याचा. लिफ्टच्या पॅनेलमधून वायर ओढू देऊ नका. मागच्या महिन्यात ती कोणी ओढली होती हे मी इथे सांगत नाही, पण ते हसतायत.

आत्ता मागून कोणीतरी विचारलं, मग तुम्ही कुठली घेणार? मी कुठलीच नाही. वनाजवरून मेट्रो पकडतो. सूनबाईची विजेची गाडी बुक झाली आहे, दिवाळीनंतर येईल. तेवढ्यात त्या ठरावाचं बघा.