स्पीकर उभे रचा!
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मी रेल्वेतला इंजिनिअर, म्हणून सरळ मुद्द्याचे बोलतो. गोहलपुरात घराला घर लागून आहे. आरती मंडपात नीट ऐकू यावी. शेजारच्या आजारी माणसाची झोप मात्र मोडू नये.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १००० कंपनांच्या सुराची लाट ३४ सेंटिमीटरची. चार स्पीकर एकावर एक रचले, की समोर त्यांच्या लाटा एकदमच पोचतात व आवाज वाढतो. वरच्या दिशेला त्या मागेपुढे पोचून एकमेकींना मारतात. म्हणजे श्रोत्यांना आवाज पुरतो, वरच्या मजल्यांना कमी जातो. आडवे मांडले तर उलटे होते.

ढोलातल्या ५० कंपनांची लाट मात्र जवळजवळ ७ मीटरची. एवढ्या उतरंडीला ती जुमानत नाही. तिथे दोन बेस १.७ मीटर अंतराने पुढे-मागे ठेवावेत आणि पुढच्याला ५ मिलिसेकंद उशीर द्यावा. समोर जोर मिळतो, मागे आवाज दबतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली. ती पोलिसांच्या धाकाने नव्हे, शेजारधर्म म्हणून पाळू या.

गणपती बाप्पा मोरया!