दशसूत्रीतली उरलेली पाच

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



आपल्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता असतो? बचत किती जमली, कर्ज किती फिटलं. देशाचंही असंच चालतं. वर्षभरात तयार झालेला माल आणि सेवा यांची किंमत काढतात. त्याला जीडीपी म्हणतात. ती वाढली की म्हणायचं, देश पुढं गेला.

आता बघा. हॉटेलातली थाळी त्या हिशोबात धरतात, आपण घरी थापलेल्या भाकरी धरत नाहीत. दवाखान्याचं बिल धरतात, आजारी सासूजवळ काढलेल्या रात्री धरत नाहीत. सरकारनंच २०२४ मध्ये पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालते आणि पुरुष ८८. तेही बिनपगारी!

म्हणून १९९० साली महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला. उत्पन्नाबरोबर आयुष्य आणि शिक्षणही मोजायला लागले. शेजारचा भूतान तर लोकांचं समाधान मोजतो.

लांब कशाला जायचं? आपला धाराशिव २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. तिथं ४९ गोष्टी बघतात. शंभरातले तीस गुण आरोग्य-पोषणाला, तीस शिक्षणाला, वीस शेती-पाण्याला. रस्ते, वीज अशा पायाभूत सोयींना फक्त दहा.

आता आमच्या गटाचं सांगते. आमची वसुली शंभर टक्के, सगळीकडं कौतुक. त्याच साली आमची एक बहीण सोयाबीन काढताना चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर सहाच निघालं. एकही हप्ता चुकवला नव्हता तिनं. गोळ्या-औषधाचे पैसे ती हप्त्यात भरत होती. आमच्या वहीत तिचा हप्ता होता, तिचा अशक्तपणा नव्हता. दर आठवड्याला शेजारी बसूनही आम्ही कधी विचारलं नाही. ती चूक आमची होती.

बायांनो, उमेदनं आपल्याला पंचसूत्री नाही, दशसूत्री दिली. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पहिली पाच आपल्याला तोंडपाठ आहेत. पुढची पाच म्हणजे आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका. तिथं येईस्तोवर आपण चटई गुंडाळायला लागतो.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. यापुढं वसुली झाली की लगेच उठू नका. कोणाचं दुखणं अंगावर काढणं चाललंय? कोणाची पोरगी शाळेतून घरी बसली? ग्रामसभेला कोण जाणार? विचारा, आणि इतिवृत्तात लिहा. लिहिलेलंच पुढच्या बैठकीत निघतं.

ती बहीण आज बरी आहे, इथंच बसलीय. तिच्या रक्ताचा आकडा आता आमच्या वहीत आहे.