आच आतपर्यंत पोचली का?



माझा भाचा पुण्यात खोली घेऊन शिकतो. खोलीत गॅसची शेगडी, एक कढई, एक कुकर आणि छोटा फ्रीज. मायक्रोवेव्ह नाही. मागच्या पावसाळ्यात मी गेले, तेव्हा त्यानं फ्रोझन चिकन कटलेट मोठ्या हौसेनं तळून पुढ्यात ठेवले. रंग सोनेरी, वास सुरेख. मी एक मोडून पाहिलं, तर मधोमध गार आणि गुलाबी. "अगं मावशी, वरून तर मस्त लाल झालं होतं!" तो म्हणाला.

आज बोलायचं आहे ते या वरच्या रंगाबद्दलच. असे पदार्थ पुष्कळदा कारखान्यातच हलके तळलेले असतात, म्हणजे ब्रेडचा चुरा नीट चिकटून राहतो. आतलं चिकन मात्र कच्चंच असू शकतं. म्हणून आधी पाकीट वाचा. 'रेडी टू कुक' म्हणजे शिजवायचं काम अजून आपल्याकडे आहे. आणि गोठवल्यानं साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. त्यांना मारते ती आच. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान यायला हवं.

मायक्रोवेव्ह नाही म्हणून अडत काहीच नाही. तोही सगळीकडे सारखा तापवत नाही. शेगडीवर फक्त वेळ द्यावा लागतो. गोठलेलं चिकन तसंच शिजवलं, तर नेहमीच्या दीडपट वेळ धरा.

तळताना कटलेटवरचा बर्फ झटकून टाका, नाहीतर तेल अंगावर उडेल. आच मध्यम ठेवा आणि एका वेळी तीन-चारच सोडा. तेल फार कडक असलं, तर वरचा थर करपतो आणि आत थंडच राहतं.

रस्सा किंवा बिर्याणीचं तयार पाकीट असेल, तर ते प्लॅस्टिकच्या ट्रेमधून काढून घ्या. ट्रे कढईत किंवा कुकरमध्ये ठेवू नका. जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर चढवा. कडा सुटल्या की गोळा उलथन्यानं फोडा आणि हलवत राहा. रश्शाला सगळीकडून खळखळून उकळी यायला हवी. बिर्याणीची मधली शितंसुद्धा वाफाळती हवीत.

कच्चं गोठलेलं चिकन रात्रभर ओट्यावर ठेवायची पद्धत मात्र सोडा. मध्ये बर्फ असतो तेव्हा बाहेरचा भाग कोमट झालेला असतो, आणि ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. आदल्या रात्री चिकन खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी दह्यावर, कोथिंबिरीवर ठिबकणार नाही. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदला. अर्धा किलोला साधारण तासभर लागतो. मग लगेच शिजवा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात, जंतूही त्यांच्याबरोबर पसरतात. हात, सुरी आणि पाट मात्र साबणानं धुवा.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं? सुईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वांत खात्रीचा. तो नसेल, तर सर्वांत जाड तुकडा मधोमध कापा. आतून वाफ यायला हवी, गुलाबी छटा नको, सुटणारं पाणी स्वच्छ हवं. रंग कधीकधी फसवतो. म्हणून शंका आली, तर पुन्हा आचेवर ठेवा.

वीज गेली, तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला, तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. शिजवून उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. परत खाताना ते नुसतं कोमट करू नका, वाफा येईपर्यंत तापवा.

भाच्याकडे परवा पुन्हा जेवायला गेले होते. त्यानं ताट वाढायच्या आधी सर्वांत जाड कटलेट सुरीनं कापलं आणि आत वाफ आहे का ते पाहिलं. मग ते परत कढईत सोडलं. आम्ही आणखी चार मिनिटं थांबलो, आणि मग निर्धास्त जेवलो.